शेवट सांगू नकोस हं!

सिनेमाचा शेवट फोडणाऱ्याशी कायमची कट्टी घेणारे आहेत, आणि शेवट कळल्याशिवाय तिकीटच न काढणारेही. सोलापुरात दोन्ही पार्ट्या भेटल्या. बोलता बोलता माझाच एक जुना हिशेब निघाला...

सोमवारची सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. वीकएंडला घरी येऊन गेलेले, सॅकमध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरून पुण्याला परत निघालेले यंगस्टर्स. निम्मे झोपलेले, निम्मे मोबाइलमध्ये. कुर्डुवाडी यायच्या आतच माझ्या मागच्या सीटवरच्या एकाने मित्राला फोन लावला आणि रात्रभर जागून संपवलेल्या वेब सीरिजचा शेवटचा एपिसोड अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला घेतला. पलीकडच्या मुलाने हेडफोन काढले. ‘ओ दादा, प्लीज! माझे दोन एपिसोड राहिलेत.’ फोनवाला बिचारा ओशाळला. ‘सॉरी हं, सॉरी. पण तो मरतो हे तर तुम्हाला ट्रेलरवरनंच कळलं असेल की!’

अख्खा डबा हसला. हेडफोनवाला सोडून. तो पुणे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला होता. एका काल्पनिक माणसाच्या मरणाची बातमी दोन एपिसोड आधी कळली, एवढंच तर झालं होतं. पण त्याचा चेहरा असा, की कोणीतरी त्याच्या डब्यातला शेवटचा घास उचलून खाल्ला.

तुमचंही असं झालंय ना कधीतरी? मग ऐकाच.

गेले पंधरा दिवस मी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारतेय : शेवट आधी कळला तर तुझं काय बिघडतं? सात रस्त्याजवळ एका बँकेत काम करणाऱ्या मित्राने २०१९ ची गोष्ट सांगितली. ‘अॅव्हेंजर्स : एंडगेम’ त्या वर्षी २६ एप्रिलला लागला. त्याच्या आधी दिग्दर्शक रुसो बंधूंनी जगभरच्या फॅन्सना पत्र लिहून विनंती केली होती, की शेवट फोडू नका. याच्या ब्रांचमध्ये पाच जण मार्व्हलवेडे. त्यांनी नियम केला, जो फोडेल त्याने पार्क चौकात सगळ्यांना पार्टी द्यायची. ‘आणि फोडलं कोणी? साहेबांनी! त्यांना तो पिक्चर म्हणजे काय हेपण माहीत नव्हतं. मुलाने घरी सांगितलेलं, त्यांनी चहा पिता पिता आम्हाला सांगितलं. आता साहेबांकडनं पार्टी कोण मागणार बे?’

रुसो बंधूंनी नवीन काही केलं नव्हतं. हिचकॉकने १९६० साली ‘सायको’साठी सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही, असं फर्मान काढलं होतं. लंडनमध्ये १९५२ पासून ‘द माऊसट्रॅप’ हे अगाथा ख्रिस्तीचं नाटक चालत आलंय आणि खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना नाटक संपताना केली जाते. म्हणजे ‘सांगू नकोस हं’ ही काही मोबाइलवाल्या पिढीची नाटकं नाहीत. फरक एवढाच, की तेव्हा फोडणारा तुमच्या ओळखीतला असायचा. आता तो तुमच्या मावसभावाच्या मित्राच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर असतो. फर्स्ट डे फर्स्ट शोला क्लायमॅक्स मोबाइलवर शूट करून स्टेटसला टाकणारी एक जमात आहे. त्यांना मी नुसता विनम्र नमस्कार करते आणि आठवण करून देते, की सिनेमाची पायरसी रोखण्यासाठी २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झालीय. थिएटरमध्ये बेकायदा कॉपीसाठी रेकॉर्डिंग केलं, तर किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाखांचा दंड आहे. तीन लाखांत किती शो बघून होतील, हिशेब करा.

पण सोलापूरचं स्पॉइलरशी असलेलं नातं जरा वेगळं आहे, आणि त्याला कारण आमच्या भाषा.

अक्कांचा ‘दृश्यम’

मी वाढले पूर्व भागात. मागच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट आणि शेजारी अक्का. अक्का तेलुगू. मराठी फर्डी बोलायच्या, पण गोष्ट रंगली की मधली वाक्यं तेलुगूत जायची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हात विड्या वळतायत आणि तोंड पिक्चर सांगतंय. २०१४ मध्ये त्या लेकीकडे हैदराबादला गेल्या आणि तिथे व्यंकटेशचा ‘दृश्यम’ बघून आल्या. परत आल्यावर ओट्यावर बसून त्यांनी तो आम्हाला सांगितला. सगळा. पहिल्या सीनपासून ते शेवटच्या सीनमध्ये नक्की काय दडवलंय आणि कुठे, इथपर्यंत. त्यांना ‘स्पॉइलर’ हा शब्द माहीत असायचं कारणच नव्हतं. शेवट न सांगता गोष्ट सोडणं त्यांच्या हिशेबात ताट अर्धं वाढून उठण्यासारखं होतं.

पुढच्या वर्षी, ३१ जुलै २०१५ ला निशिकांत कामतांचा हिंदी ‘दृश्यम’ आला. सगळा देश अजय देवगणच्या त्या दोन ऑक्टोबरच्या पणजीच्या सत्संगात आणि पावभाजीत गुंतला. आमच्या गल्लीला मात्र वर्षभर आधीच सगळं ठाऊक! अक्कलकोट रोडकडच्या कानडी मैत्रिणींनाही, कारण कन्नडमध्ये रविचंद्रनचा ‘दृश्य’ २०१४ लाच येऊन गेला होता. मूळचा मल्याळम तर त्याच्याही आधीचा, २०१३ चा. ‘भूलभुलैया’चंही तेच. २००७ मध्ये हिंदीवाले दचकले, पण कन्नड ‘आप्तमित्र’ २००४ चा. मराठी, तेलुगू, कन्नड अशा तीन भाषा एका नळावर पाणी भरत असतील, तर त्या गावात सस्पेन्स टिकणार कसा?

तरी मी तो हिंदी ‘दृश्यम’ बघायला गेले. आणि खरं सांगू? सॉलिड मजा आली. बाकीचे ‘आता काय होणार’ म्हणून खुर्चीच्या टोकावर, आणि मी निवांत मागे टेकून तो माणूस एकेक तिकीट, एकेक पावती कशी जमवतोय ते बघत होते. शेवटच्या सीनला मी पडद्याकडे बघितलंच नाही. शेजारच्या रांगेतल्या काकांकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. (शेवट काय, ते मी लिहिणार नाही. अक्कांसारखं मन माझ्याकडे नाही.)

याला शास्त्राचाही थोडा आधार आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोच्या जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड या दोघांनी एक प्रयोग केला. बारा लघुकथा घेतल्या, ख्रिस्ती, चेकॉव्ह, रोआल्ड दाल अशा नामवंतांच्या. काही जणांना शेवट आधी सांगून वाचायला दिल्या, काहींना न सांगता. शेवट माहीत असलेल्यांनी गोष्टींना जास्त मार्क दिले! नंतरच्या काही अभ्यासांत मात्र उलट निघालं, त्यामुळे कोणी लगेच हा पॅरा हेडफोनवाल्याला दाखवायला जाऊ नका.

माझ्या आईला या प्रयोगाची गरज नाही. ती वाचनालयातून कादंबरी आणली की आधी शेवटचं पान वाचते. सिनेमाला जायच्या आधी मला विचारते, ‘शेवट चांगलाय ना? कोणी मरत नाही ना?’ मी म्हटलं, अगं मग बघायचं कशाला? तर म्हणाली, ‘दिवसभर काय होणार याची धाकधूक काय कमी असतीय का? रात्रीतरी माहीत असू दे की!’ आधी मला हे जाम बोअर वाटायचं. आता, महिन्याचा चेक कधी येईल हे माहीत नसलेली फ्रीलान्सर झाल्यावर, आईचा फंडा एकदम क्लिअर झालाय.

आणि तसं बघितलं तर शेवट माहीत असण्याचं आपल्याला वावडं कधी होतं? आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे लबाड आहे, हे प्रेक्षकाला कधीच कळून चुकतं. १९६२ पासून लोक ते नाटक बघत आले, ते तो कोर्टात कसा सटकतो ते बघायला. ‘बाहुबली’ने तर कमालच केली. पहिला भाग, १० जुलै २०१५, संपतो तोच कटप्पा बाहुबलीच्या पाठीत तलवार खुपसतो या बातमीवर. कोणी मारलं, कोणाला मारलं, सगळं सांगून टाकलं. फक्त ‘का’ ठेवलं खिशात, आणि त्या एका ‘का’साठी देश २८ एप्रिल २०१७ पर्यंत ताटकळला.

इथे जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, मग होम. पुढे तिचं काय होतं हे पोरासोरांना पाठ असतं, तरी दरवर्षी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वज पेलत निघतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता टाकायला तुडुंब गर्दी होते. कोणी म्हणत नाही, ‘स्टोरी माहितीय, यंदा स्किप करतो.’ उलट होमाच्या रात्री आम्ही पुढच्या वर्षाचाच स्पॉइलर मागतो! दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य, खाण्याचे जिन्नस ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, बिथरतं की शांत राहतं, यावरून पाऊस कसा होईल, कशाचे भाव चढतील, याची भाकणूक होते. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते. पाऊस पडायचा तसा पडतो, पण ऐकून घ्यायला सगळेच थांबतात.

मग एवढं सगळं असताना ट्रेनमधला तो मुलगा का चिडला?

मला वाटतं, उत्तर एका लाँग डिस्टन्सवाल्या जोडीकडे आहे. ती इथे सिव्हिल इंजिनिअर, तो हिंजवडीत. रोज रात्री दहाला फोनवर ‘तीन, दोन, एक’ म्हणत दोघं एकाच वेळी प्ले दाबायचे. एक एपिसोड, मग झोप. एके रात्री त्याने एक जोक आधीच हसून दाखवला. म्हणजे तो आधीच बघून बसला होता! ‘पुढे काय होतं हे त्याने सांगितलंसुद्धा नाही,’ ती म्हणाली. ‘पण त्याने माझ्याशिवाय बघितला आणि पहिल्यांदा बघतोय असं नाटक केलं. मला त्याचाच राग.’ दोन दिवस अबोला. म्हणजे प्रश्न माहितीचा नाही हो. तो क्षण कोणासोबत जगायचा आणि कधी, हे आपण ठरवलेलं असतं आणि कोणीतरी परस्पर ते बदलतं, तिथे दुखतं.

आता माझा हिशेब.

इथे थांबा!

‘सैराट’ अजून पाहिला नसेल (असं कोणी असेल तर मला तुम्हाला भेटायचंय), तर पुढचे तीन परिच्छेद सोडून द्या.

२९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नागराज मंजुळे आमच्या जिल्ह्यातले, करमाळ्याच्या जेऊरचे. आकाश ठोसर तिकडचाच, रिंकू राजगुरू अकलूजची. पडद्यावर करमाळा, पडद्यावर आमची बोली. ‘झिंगाट’ला लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचत होते, मीपण नाचले. आणि शेवटी, हैदराबादच्या त्या छोट्या घरात आर्चीचा भाऊ माहेरच्या भेटी घेऊन येतो, चहा होतो, आणि मग पडद्यावरचा आवाजच जातो. शेजारणीकडून परत आलेलं पोर दारातून आत जातं आणि रक्ताचे तळवे उमटवत बाहेर येतं. तासाभरापूर्वी नाचणारं थिएटर जागचं हललं नाही. बाहेर पडल्यावर पार्किंगमध्येसुद्धा कोणी बोलत नव्हतं.

आणि गंमत बघा, ज्या गावात अक्का अख्खा पिक्चर ओट्यावर सांगतात, त्या गावात ‘सैराट’चा शेवट माझ्यासमोर तरी कोणी फोडला नाही. ‘जा, बघून ये’ एवढंच. कोणी पत्र लिहून विनंती केली नव्हती. सांगायला तोंडच उघडत नव्हतं, हे खरं कारण असावं.

माझी एक मैत्रीण तेव्हा प्रेमात होती. जात वेगळी. दोन्ही घरी कळलं तर काय होईल हे दोघांना पक्कं माहीत. तोंडाला स्कार्फ बांधून किल्ल्यातल्या बागेत भेटायचे, तेही वेगवेगळ्या गेटने जाऊन. रविवारी ती त्याच्यासोबत ‘सैराट’ला जाणार होती, पहिल्यांदाच असं अंधारात तीन तास शेजारी बसायला मिळणार म्हणून खुशीत. आदल्या रात्री तिचा फोन. ‘कसाय गं? शेवट सांगू नकोस हं!’ माझ्या जिभेवर आलं होतं. तिला जाऊ नको म्हणावं, किंवा निदान त्याच्याबरोबर जाऊ नको. पण नियम म्हणजे नियम. मी म्हटलं, ‘झिंगाटला नाचतायत लोक. जा तू.’

चार दिवस तिने माझा फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी कॉलेजच्या पायऱ्यांवर भेटली आणि एवढंच म्हणाली, ‘तुला माहीत होतं.’ त्या दोघांनी पुढचा महिनाभर एकमेकांना भेटायचं टाळलं. तिला म्हणे रात्री घराची कडी वाजली तरी दचकायला व्हायचं.

मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावत राहिले, की तिनेच सांगू नको म्हटलं होतं. आणि मंजुळेंना तो शेवट तसाच हवा होता. आधी हसवायचं, नाचवायचं, त्या दोघांच्या प्रेमात पाडायचं आणि बेसावध असताना गाठायचं. शेवट माहीत असता तर आपण ‘झिंगाट’ला नाचलोच नसतो आणि मग तो शेवट लागलाही नसता. हे सगळं मला पटतं, अजूनही. पण बेसावध राहणं ही ज्याला घरी जाऊन शांत झोप लागते त्याची चैन आहे. माझी मैत्रीण त्या सिनेमाला बेसावध गेलीच नव्हती. ज्या धक्क्याची गरज मला होती, तो तिला रोजच बसत होता. एकच नियम दोघींना कसा लागू होईल, हा विचार एकोणिसाव्या वर्षी मला सुचला नाही. (२०१८ मध्ये हिंदीत ‘धडक’ आला तेव्हा ती गेलीच नाही. शेवट थोडा बदललाय असं कळलं, तरी नाही.)

दोघांनी २०२१ मध्ये पुण्यात लग्न केलं. विधी नको होते म्हणून १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, रजिस्टर. त्यात आधी नोटीस द्यावी लागते आणि ती नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ठळक जागी लावतात. तीस दिवस. कोणाला हरकत घ्यायची असेल तर घ्यावी म्हणून. दोघांची नावं आणि पत्ते, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावेत असे. ‘आमचा क्लायमॅक्स सरकारनेच भिंतीवर चिकटवला होता बे,’ ती आता हसून सांगते. तेव्हा त्या तीस दिवसांत तिचं वजन चार किलो उतरलं होतं. एकतिसाव्या दिवशी सही झाली, साक्षीदार म्हणून तिसरी सही माझी. घरचे कोणी आले नाहीत. कोणी भेटी घेऊनही आलं नाही. त्या दिवशी तेवढं पुरे होतं.

या लेखासाठी मी तिला सरळ विचारलं, तेव्हा मी सांगायला हवं होतं का? तिने बराच वेळ घेतला. म्हणाली, ‘सांगितलं असतंस तर मी गेले नसते. आणि गेले नसते तर त्याच्याशी त्या विषयावर बोलायची वेळच आली नसती. त्या महिन्यानंतर आम्ही पहिल्यांदा बसून बोललो, की हे असं होऊ शकतं, मग काय करायचं. पण तरी सांगायला हवं होतंस.’ दोन्ही खरं आहे म्हणाली. यातलं एक निवड, असं मला काही म्हणता आलं नाही.

तेव्हापासून आमचा एक अलिखित करार आहे. कुठलाही सिनेमा, कुठलीही सीरिज, ती आधी मला विचारते, ‘दोघं जगतात का?’ मी फक्त हो किंवा नाही सांगते. बाकी एक अक्षर नाही. मर्डर मिस्टरी असेल तर खुनी कोण हे तिलाही ऐकायचं नसतं. त्याबाबतीत ती ट्रेनमधल्या हेडफोनवाल्याइतकीच कडक आहे!

२०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ लागला. तिचा फोन आला. मी सवयीने ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, तर म्हणाली, ‘ह्याचा शेवट काय सांगतीस, चौथीपासून माहितीय.’ शंभर टक्के खरं. १६८९ मध्ये संभाजीराजांचं काय झालं हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला लागतं? ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिका २०१७ ते २०२० अशी अडीच वर्षं चालली, तेव्हाही शेवट पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तरी घराघरात लोक त्या शेवटाकडे जीव मुठीत धरून सरकत होते.

‘मग फोन कशाला केलास?’

‘एकटीने बघवणार नाही. येतीस का?’

तिचा नवरा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी होता. मी गेले. थिएटर फुल्ल, घोषणा चालू, शेजारी एक आजी पदराची घडी करून तयारीनेच बसलेल्या. इंटरव्हलला आम्ही पॉपकॉर्न घेतलं. दिवे परत मालवले तसा तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला, चष्मा काढून पर्समध्ये टाकला आणि माझा हात धरला. ‘मला आता धड दिसणार नाही,’ म्हणाली. ‘तू बघ. संपलं की सांग.’